दोघांची सहल आणि एकाची शिकार

पती-पत्नींच्या सहलींची आखणी करून देण्याचे काम मी आयुष्याचा बराच काळ केले, आणि त्या अनुभवाच्या आधारे एवढे निःशंकपणे सांगू शकतो की, अशा सहलीत ज्या दिवसाची मागणी दोघांपैकी एकानेच केलेली असते, तो दिवस साऱ्या आखणीची खरी कसोटी पाहतो. समुद्रकिनारा, उद्याने, देवालये, बाजारपेठा यांविषयी दोघांचे मतभेद झाले तरी ते तासा-दोन तासांत मिटतात. परंतु एकाला पहाटेच्या अंधारात बंदूक घेऊन रानात जायचे असते आणि दुसऱ्याला त्या रानाचे नावही नको असते, तेव्हा एकाच्या आनंदाचा दिवस दुसऱ्याच्या वाट्याला नुसत्या ताटकळण्याचा येऊ नये, ही जबाबदारी आखणी करणाऱ्याच्याच शिरावर येते. मॉरिशसच्या ज्या एका सहलीने ही जाणीव माझ्या मनात कायमची पक्की केली, तिची हकीकत तपशीलवार लिहून ठेवावी असे पुष्कळ दिवस मनात होते.

गृहस्थ सातारा जिल्ह्यातील, कृष्णाकाठचे जुने बागाईतदार. मुलीचे लग्न झालेले, ऊस आणि हळदीची शेती मुलाच्या हाती सोपवलेली, आणि पती-पत्नींनी मिळून परदेशी जाण्याचा हा पहिलाच योग. त्यांच्या आजोबांच्या काळी जावळीच्या रानात हाके होत, मचाणे बांधली जात, आणि त्या हाक्यांच्या कथा ऐकतच नातू लहानाचा मोठा झाला. आजोबांची दुनळी बंदूक वारसाहक्काने त्यांच्याकडे आली, तिचा परवाना ते मुदत संपण्याआधी न चुकता नवा करून घेत, खंडेनवमीला तिची पूजा होई, परंतु तिच्यातून जनावरावर एकही बार काढण्याचा प्रसंग त्यांच्या आयुष्यात आला नव्हता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशातील शिकारीचा अध्याय संपवला, आणि आपली अरण्ये ज्या अवस्थेला जाऊन पोहोचली होती ती पाहता तो संपला हे अत्यंत इष्ट झाले, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या गृहस्थांचेही मत याहून वेगळे नव्हते. कचेरीत समोर बसताच त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती हीच.

"साहेब, समुद्र बघायचा म्हणून आमची मंडळी खूश आहेत," ते म्हणाले, "पण मला त्यात एक दिवस शिकारीचा पाहिजे. कायद्यानं मिळत असेल तरच बघा. चोरूनमारून काही नको."

त्यांच्या पत्नी माध्यमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. त्या इतका वेळ भिंतीवरचा नकाशा पाहत होत्या, त्यांनी मान वळवली आणि शांतपणे विचारले, "यांना शिकार मिळेल हो. पण त्या दिवशी मी खोलीत बसून लाटा मोजायच्या का? आधी ते सांगा."

वहिनींच्या त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच मी सारी सहल आखली, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

प्रथम बेटाची निवड. आपल्या अंदमानात ब्रिटिश अमदानीत आणून सोडलेली चितळे आज उपद्रव होण्याइतकी वाढली आहेत, परंतु तेथे आपलाच कायदा लागू असल्यामुळे तो विचार मनात येण्याचेही कारण नव्हते. हवाई द्वीपसमूहात आपल्याच चितळांचा वंश नांदतो. १८६८ साली ती प्रथम मोलोकाई बेटावर पोहोचली, तेथून पुढे लानाई आणि माउई या बेटांवर गेली, आणि तेथील वनस्पती व कुरणे वाचवण्यासाठी त्यांच्या शिकारीला रीतसर परवानगी आहे. हे सारे बागाईतदारांना फार आकर्षक वाटले. पण अमेरिकेच्या व्हिसाची प्रतीक्षा, दीड दिवसाचा प्रवास आणि तेथे वहिनींना आपलेसे वाटेल असे काहीच नाही, या तीन कारणांनी मी ते नाव वगळले. न्यू कॅलेडोनियातही जावा बेटावरून नेलेली हरणे आहेत, पण ते बेट आपल्याला फारच आडवाटेचे. उरला मॉरिशस: मुंबईहून विमानाने सुमारे सहा-साडेसहा तास, घड्याळात अवघा दीड तासाचा फरक, भारतीय प्रवाशाला उतरल्यावर विनाशुल्क प्रवेश, आणि मुख्य म्हणजे दीडशे वर्षांहून अधिक काळ तेथे नांदत असलेली मराठी वस्ती.

मॉरिशसच्या हरणाचा इतिहास समजून घेतल्यावाचून तेथील शिकारीविषयी मत बनवणे योग्य होणार नाही. त्या बेटावर मनुष्याचे पाऊल पडण्यापूर्वी वटवाघळांखेरीज भूचर असा एकही सस्तन प्राणी नव्हता. डचांनी १६३८ साली तेथे वसाहत केली आणि लगेच पुढच्या वर्षी त्यांच्या आद्रियान व्हान डेर स्टेल या अधिकाऱ्याने जावा बेटावरून हरणे आणून सोडली. हे हरीण आपल्या सांबराच्याच कुळातले. सांबरापेक्षा अंगाने लहान, पण नर शंभर किलोंच्या वर भरतो आणि त्याची तीन फाट्यांची शिंगे सांबराचीच आठवण करून देतात. डोडो नाहीसा झाला, १७१० साली डचही बेट सोडून निघून गेले, त्यांच्यामागून फ्रेंच आले आणि १८१० साली इंग्रज आले. हरीण मात्र राहिले, वाढले आणि उसाच्या मळ्यांमागील डोंगरउतारांचे धनी होऊन बसले. त्याला खाणारे श्वापद बेटावर नाही. ते, रानडुक्कर आणि बाहेरून आणलेले माकड ही तिन्ही जनावरे मिळून मूळच्या झाडांची रोपे वर येऊ देत नाहीत, आणि बेटाच्या मूळ अरण्यापैकी चांगल्या स्थितीतला भाग आज शेकडा दोनांच्या आतच उरला आहे. राष्ट्रीय उद्यानात जेथे मूळ वृक्षांची जोपासना चालते, तेथे हरणे आणि डुकरे आत शिरू नयेत म्हणून कुंपणे घालावी लागतात. म्हणून तेथील शिकार आणि आपल्याकडे बंद झालेली शिकार यांना एकाच मापाने मोजणे मला न्याय्य वाटत नाही. गंमत म्हणून जीव घेणे मला मानवत नाही. परंतु जेथे कळपाची संख्या माणसानेच आवरली पाहिजे, मोसम कायद्याने ठरलेला आहे आणि मारलेल्या जनावराचे मांस वाया न जाता लोकांच्या ताटात जाते, तेथे एखाद्याने नियमाने आणि जबाबदारीने बंदूक धरली तर त्याला दोष देणार नाही. तेथील हिंदू-मुसलमानांपैकी एक गोमांस वर्ज्य मानतो तर दुसरा डुकराचे; हरणाचे मांस मात्र कोणत्याच मांसाहारी घरी निषिद्ध नाही, त्यामुळे त्याला तेथे मोठा मान आहे.

मोसमाचा प्रश्न निघताच पंचांग पुढे ओढावे लागले. हरणाच्या शिकारीचा हंगाम जून ते सप्टेंबर, म्हणजे आपला ज्येष्ठ ते भाद्रपद. श्रावणात त्यांच्या घरी मांसाहार वर्ज्य, मग शिकारीची गोष्टच दूर. भाद्रपदात मॉरिशसच्या मराठी मंडळींचा गणेशोत्सव पाहावा असे वहिनींना फार वाटत होते, कारण तेथे गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि १८९६ साली एका भिवाजी कुटुंबाने बसवलेल्या गणपतीपासून तो उत्सव वाढत गेला अशी तेथील लोकांची परंपरा आहे. पण चतुर्थीला स्वतःच्या घरचा गणपती सोडून घरधन्याने परदेशी जायचे, हे त्यांच्या घरात कोणालाही मान्य झाले नसते. ज्येष्ठात शेतीची धांदल, आणि आषाढी एकादशीपर्यंत त्यांच्या वृद्ध मातोश्रींची वारी. तेव्हा एकादशीपासून दीप अमावास्येपर्यंतचा आषाढाचा पंधरवडा तेवढा हाती उरला. बागाईतदारांनी त्यावर समाधान व्यक्त केले की आखाडात आमच्याकडे असेही मांसाहाराला कोणी हरकत घेत नाही. योगायोग असा की, त्याच सुमारास बेटावर हरणांच्या माजाचा काळ सुरू झालेला असतो, नरांची शिंगे मखमल झडून पक्की झालेली असतात आणि एरवी दाट झाडीत दडून राहणारा नर माद्यांच्या मागे उघड्या कुरणावर येतो.

जुलै हा तेथील हिवाळा, कारण बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस आहे. तो काही आपल्या माथेरानचाही हिवाळा नव्हे. पण आग्नेयेकडून सतत वाहणाऱ्या व्यापारी वाऱ्यांमुळे पूर्व किनाऱ्यावर त्या दिवसांत बसवत नाही, आणि ज्या जोडप्याने छायाचित्रांतील निश्चल निळे पाणी पाहून पूर्वेकडील हॉटेल घेतले असेल, त्याला खिडक्या लावून बसावे लागते. म्हणून मुक्काम पश्चिमेस ठेवला, फ्लिक-आँ-फ्लाकच्या किनाऱ्याला. तिकडे मधल्या डोंगरांमुळे वारा अडतो आणि सूर्य समुद्रात मावळताना दिसतो. शिवाय हरणांची पुष्कळ राने याच ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात आहेत आणि मराठी वस्तीचे कास्कावेल हे गावही तेथून अगदी जवळ. सबंध देश आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या जेमतेम पाव हिश्श्याएवढा. परंतु मुक्काम चुकला तर दिवसाचे चार तास मोटारीत जातात.

शिकारीचे रान ठरवण्याआधी मी स्वतः जाऊन पाहणी केली. एका मध्यस्थाने हमखास शिकारीची हमी देणारी दरखास्त पाठवली होती. तिचा तपशील विचारता असे दिसले की, कुंपणाच्या लहानशा आवारात आणून ठेवलेले हरीण पाहुण्यासमोर सोडायचे आणि दुपारच्या जेवणाच्या आत सारे उरकायचे, असा तो प्रकार होता. ती दरखास्त मी तत्काळ नाकारली. जेथे सावजाला निसटून जाण्याची वाटच नाही तेथे शिकार नसते, एवढे तरी त्या आजोबांच्या नातवाला मी सांगू शकलो असतो. शेवटी डोंगरउतारावरील एक मोठे जुने खाजगी रान पसंत केले. तेथल्या वयस्क वाटाड्याबरोबर एक सबंध सकाळ मी हिंडलो. त्याने मला शिंगे घासून साल निघालेली झाडे दाखवली, चिखलातील खुरांचे ताजे ठसे दाखवले, आणि मग एका मचाणावर चढवले. लाकडी खांबांवर उभारलेले, शिडीचे, वर फळ्यांची बैठक आणि पुढे बंदूक टेकवण्यास आडवी दांडी असलेले ते मचाण जावळीच्या रानात नेऊन ठेवले असते तर कोणाला परके वाटले नसते. समोरच्या गवतातून माद्यांचा एक कळप पुढे सरकत होता. एकीने मान वर करून आमच्या दिशेला कान रोखले, आणि वाटाड्या श्वास रोखून निश्चल राहिला, म्हणून मीही राहिलो. त्या माणसाला जनावराविषयी आदर आहे, हे मला त्या क्षणी समजले, आणि माझा निर्णय झाला.

मग लेखी प्रश्न पाठवले. मालकाचा शिकारीचा परवाना चालू आहे काय. पाहुण्याला बंदूक कोण देणार आणि तिची कायदेशीर जबाबदारी कोणाची. जनावर जायबंदी होऊन निसटले तर रक्ताचा माग कोण काढणार, कुत्री असतील काय, आणि अंधार पडेपर्यंत शोध चालू राहील काय. मांसाचे काय होणार. नराच्या शिंगांच्या लांबीवर शुल्क वाढत असेल तर तो दर बार काढण्यापूर्वी सांगितला जाईल काय. जायबंदी केलेले जनावर सापडले नाही तरी ते मारलेच असे धरून पूर्ण शुल्क घेण्याचा रिवाज या व्यवसायात सर्वत्र आहे, आणि तो मला योग्यच वाटतो, कारण त्यामुळे घाईने बार काढणाऱ्याचा हात आवरतो. या सर्वांची उत्तरे कलमवार आली तेव्हाच आगाऊ रक्कम रवाना केली.

स्वतःची बंदूक नेण्याचा विचार बागाईतदारांच्या मनात होता. भावना मला समजत होती; परंतु येथील परवाना, विमान कंपनीची पूर्वसंमती आणि तिकडील पोलिसांची मंजुरी या तिन्ही गोष्टी एका दिवसासाठी करणे व्यवहार्य नव्हते, आणि दुनळी बंदूक त्या कामाला योग्यही नव्हती. तेथे रायफल मिळते, आदल्या दिवशी निशाणावर गोळ्या झाडून हात बसवून घ्यावा लागतो, आणि जो निशाणावर स्थिर ठरत नाही त्याला वाटाड्या रानात नेत नाही. शिंगे भारतात आणू नयेत हे मी आधीच सांगून टाकले. अशा वस्तूंच्या आयातीचे नियम कडक आहेत, आणि भिंतीवरच्या शोभेसाठी जकातीच्या दफ्तरात खेटे घालण्याची पाळी माझ्या गिऱ्हाइकावर येऊ नये, असा माझा शिरस्ता आहे. प्रवास विम्याच्या कागदांत बारीक अक्षरांत वगळलेल्या गोष्टी छापलेल्या असतात, त्यांत बहुधा बंदुकीची शिकार असतेच. तेव्हा त्या एका दिवसाच्या जोखमीचा लेखी खुलासा विमा कंपनीकडून मागवून घेतला.

सर्वांत अधिक चर्चा झाली ती हाक्यावरून. शनिवार-रविवारी रानांचे मालक आपल्या मित्रमंडळींसह हाके करतात. हाकारे आणि कुत्री जनावरे उठवतात, ती मचाणांच्या रांगेपुढून धावत जातात आणि एकामागून एक बार होतात. बागाईतदारांनी लहानपणापासून मनात जपलेले चित्र हेच होते. मी त्यांना विचारले, "तुमच्या आजोबांनी तुम्हाला पहिला बार कशावर काढू दिला असता?" त्यांनी बराच वेळ विचार केला. "उभ्या सावजावर," ते म्हणाले, "धावत्या जनावरावर दोन वर्षं तरी नसता काढू दिला." प्रश्न मिटला. हाक्याऐवजी मचाणावर बसणे आणि पायी माग काढणे असा बेत ठरला, आणि त्यासाठी आडवार निवडला. वहिनींच्या दिवसालाही आडवारच हवा होता, कारण ज्या संस्था त्यांना दाखवायच्या होत्या त्या सुट्टीच्या दिवशी पुरत्या उघड्या सापडण्याचा भरवसा नसतो.

वहिनींच्या दिवसासाठी मी जितका पत्रव्यवहार केला, तितका शिकारीसाठीही केला नसेल. अशा प्रसंगी पत्नीच्या नावावर तेलमालीश आणि खरेदी लिहून मोकळे होण्याची या व्यवसायातील मामूल रीत मला कधीच पटली नाही. बेटावरील मराठी मंडळांच्या ओळखीतून मी एका निवृत्त शिक्षिकेचा शोध घेतला. त्या बाईंचे घर कास्कावेलला, मातृभाषा म्हणून रोजच्या बोलण्यात क्रिओल, परंतु अनेक वर्षे शाळेत मराठी शिकवलेली. तेथील शाळांतून मराठी हा विषय घेता येतो आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत तिचे उच्च शिक्षणही होते. त्यांना मी कळवले की, साताऱ्याच्या एक मराठी शिक्षिका येत आहेत आणि त्यांना एक पूर्ण दिवस तुमच्याबरोबर काढायचा आहे. त्यांचे उत्तर देवनागरीत, सुवाच्य अक्षरात आले, आणि त्यात वहिनींना उपवास असतो काय याची चौकशी होती.

इतर दिवसांविषयी विस्तार करण्याचे कारण नाही. पांप्लेमूसचे वनस्पती उद्यान, त्याच्या जवळच जुन्या साखर कारखान्यात उभारलेले ऊसाचे संग्रहालय, ल मॉर्नचा पर्वत, गंगा तलाव, आणि काही दिवस केवळ समुद्राचे. शिकारीचा दिवस आरंभी ठेवला नाही, कारण तो जोवर व्हायचा असतो तोवर शिकाऱ्याचे लक्ष दुसरीकडे लागत नाही आणि पहिल्याच दिवशी दोघांनी वेगळे होणेही बरे दिसत नाही. शेवटीही ठेवला नाही, कारण पाऊस आला तर हाताशी एक राखीव दिवस हवा. तो मध्यावर ठेवला, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काहीही ठेवले नाही. वेगवेगळा दिवस घालवून आलेल्या दोन माणसांना एकमेकांना सांगण्यासाठी वेळ लागतो, आणि तो वेळ आखणीत मुद्दाम मोकळा सोडावा लागतो.

त्या दिवसाची हकीकत दोघांनी परतल्यावर माझ्या कचेरीत बसून सांगितली. जुलैत तेथे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. बागाईतदार त्यापूर्वीच मचाणावर होते. उजाडल्यावर थोड्याच वेळात एक देखणा नर समोरच्या टेकाडाच्या माथ्यावर येऊन उभा राहिला, आकाशावर त्याची आकृती कोरल्यासारखी उमटली, आणि त्यांनी रायफल खांद्याला लावताच वाटाड्याने हात पुढे करून नळी खाली दाबली. माथ्यावरच्या जनावरामागे गोळी अडवायला माती नसते, ती पलीकडे कोठे जाईल याचा भरवसा नाही. बागाईतदार म्हणाले, "त्या माणसाला भाषा येत नव्हती माझी, पण आजोबाच शेजारी बसल्यासारखं वाटलं." दिवस पुढे सरला, दुपारी दोघे पायी हिंडले, वारा दोनदा फिरला आणि माग सुटला. ऊन कलल्यावर एक उतारवयाचा, शिंगांची टोके झिजलेला नर माद्यांपासून मागे राहून गवतात उभा होता. वाटाड्याने बोटाने खूण केली. एकच बार झाला, खांद्यामागे. नर थोडे अंतर धावून कोसळला. बागाईतदारांनी जवळ जाऊन त्याच्या मानेवर हात ठेवला, आणि सोलण्या-कापण्याचे सारे काम संपेपर्यंत ते तेथून हलले नाहीत, कारण ज्याने मारले त्याने ते पाहिले पाहिजे असे त्यांच्या घरचे वळण होते. मांस रानातील कामगारांत आणि मालकाच्या शीतगृहात गेले. थोडे त्या रात्री त्यांच्यासाठी शिजले.

वहिनींनी सकाळ पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर घालवली. १८३४ पासून पुढे सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर करारावर त्या बेटावर आणले गेले. १८४९ पासून त्यांना उतरवून घेण्याचे ठाणे हे, आणि त्यांत मुंबई बंदरातून आलेले रत्नागिरीकडचे, सावंतवाडीचे, साताऱ्याकडचे लोकही होते. बंदराच्या काठावरील काळ्या दगडाच्या त्या पायऱ्या त्यांनी हाताने चाचपून पाहिल्या. तो दगड आपल्या सह्याद्रीचाच भाऊबंद आहे: पृथ्वीच्या पोटातील ज्या एका उष्ण स्थानातून साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वर आला, त्याच स्थानाने पुढे कधीतरी मॉरिशस घडवले. ही गोष्ट मी त्यांना जाण्यापूर्वी सांगितली होती, आणि ती त्यांच्या ध्यानात राहिली होती. मोका येथील संग्रहालयात त्यांनी मजुरांच्या नोंदवह्यांची पाने पाहिली: नाव, बापाचे नाव, वय, उंची, गाव, अंगावरची खूण. एवढ्याच रकान्यांत माणूस मावत होता. बापाचे किंवा आज्याचे साधे नाव लेखनिकाने फ्रेंच वळणाने लिहिले आणि तेच पुढच्या पिढ्यांचे आडनाव झाले, हे त्यांना सोबतच्या शिक्षिकाबाईंनी उदाहरणे देऊन दाखवले.

दुपारी कास्कावेल. घराबाहेर तुळस, आत देवघर, जेवायला डाळ भरलेली पुरी आणि सोबत आंबट लोणचे. घरातल्या वृद्ध आजींना मराठी सलग बोलता येत नव्हते, पण लग्नातली गाणी मुखोद्गत होती आणि जाखडीचा ठेका त्यांनी गुडघ्यावर धरून दाखवला. शेजारची एक मुलगी शाळेची मराठीची वही घेऊन आली. तिच्या वहीत 'ळ' हे अक्षर ओळीने काढलेले होते, आणि प्रत्येक 'ळ' किंचित एका बाजूस कलला होता. वहिनींनी तिला मांडीजवळ बसवले, तिच्या बोटांत पेन्सिल नीट धरवली आणि अख्खे पान तिच्याकडून लिहून घेतले. "निवृत्त झाल्यापासून कोणाचा हात धरून अक्षर काढलं नव्हतं," त्या मला म्हणाल्या. त्या मुलीचा पत्ता त्यांनी आणला आहे, आणि तिला त्या साताऱ्याहून मराठी पुस्तके पाठवतात.

बागाईतदारांनी मला नंतर सांगितले की, त्या रात्री जेवणाच्या मेजावर त्यांची गोष्ट थोडक्यात आटोपली आणि पत्नीची मध्यरात्रीपर्यंत चालली. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मोटार मागवली आणि दोघे मिळून पुन्हा कास्कावेलला गेले. तेथे ऊसतोड सुरू होती. मराठी आडनावाच्या एका शेतकऱ्याबरोबर बांधावर उभे राहून त्यांनी खोडव्याची, पाण्याची आणि उताऱ्याची चौकशी केली, अर्धी हातवाऱ्यांनी आणि अर्धी त्या शिक्षिकाबाईंच्या मध्यस्थीने. मी मोकळी ठेवलेली सकाळ अशा रीतीने खर्ची पडली, आणि तिचा याहून चांगला विनियोग मला सुचवता आला नसता.

तेव्हापासून शिकारीचा दिवस मागणारे कोणतेही जोडपे आले की, मी प्रथम रानाचे नाव काढत नाही. शिकारीस न जाणाऱ्या व्यक्तीला काय वाचायला आवडते, तिचे माहेर कोठले, ती एकटी हिंडते की सोबत लागते, हे विचारतो, आणि त्या उत्तरांवरून बेट ठरवतो. काहींना हे उलटे वाटते. ज्यांना मॉरिशसला असा बेत करावयाचा असेल त्यांनी हंगाम जूनमध्ये उघडतो हे ध्यानात ठेवून फेब्रुवारीतच पत्रव्यवहार सुरू करावा, कारण चांगली राने मोजकीच आहेत आणि माजाच्या महिन्यांतील दिवस लवकर भरतात. हमखास शिकारीची हमी देणाऱ्याला पैसे देऊ नयेत. पंचांग सोबत आणावे. आणि पहिल्या भेटीला दोघांनीही यावे. एकट्याने आलेल्या शिकाऱ्याची नोंद मी घेतो, पण आखणी सुरू करत नाही.